चुकवण्याची तालीम

तलवारबाजीच्या मास्तरांनी उभ्या हयातीत एकच गोष्ट शिकवली होती: टोक समोरच्याला टेकले पाहिजे. शाळेच्या व्यायामशाळेत जाळीच्या मुखवट्याआडून ते ओरडत, "अरे, हवेला कशाला मारतोस? तिने तुझं काय घोडं मारलंय?" पुढे त्या व्यायामशाळेचे परीक्षागृह झाले आणि मास्तर उतारवयात स्टुडिओत फाइट मास्टर म्हणून दाखल झाले.

इथला धर्मच उलटा. तलवार समोरच्यापासून वीतभर दुरून जायची. खांद्यामागचा कॅमेरा ते अंतर गिळून टाकी. मास्तरांच्या बुद्धीला हे पटले, मनगटाला पटेना. पहिल्याच तालमीत त्यांच्या बोथट तलवारीचे टोक नायकाच्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीवर अलगद टेकले. पुन्हा केले, पुन्हा तीच गुंडी. नायक पांढराफटक पडला.

"मास्तर, उद्या जमलं नाही, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल," दिग्दर्शक म्हणाले.

मास्तर तोंड पाडून घरी आले. त्यांच्या पत्नी, बाई, शिवणयंत्रावर बसल्या होत्या. सगळे ऐकून त्यांनी विचारले, "गुंडी तुटली का?"

"नाही."

"मग एवढं सुतक कसलं?" त्यांनी कापड बाजूला सारले, लाकडी मोजपट्टी नवऱ्याच्या हाती दिली आणि त्या कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "मारा."

"तुला?"

"इतक्या वर्षांत मनात कितीदा तरी आलं असेल. आज परवानगी आहे."

मास्तरांनी पट्टी फिरवली. आजवर कुणाला न चुकलेले मनगट आपोआप वळले आणि पट्टी हातभर दुरून गेली.

"एवढ्या लांबून? मी काय विस्तव आहे? जवळ या."

शेगडीवरची भाजी करपेपर्यंत तालीम चालली.

दुसऱ्या दिवशी नायकच उभा राहीना. "आधी दुसऱ्या कुणावर करून दाखवा," तो म्हणाला. दिग्दर्शकांनी मारामारीच्या पथकाकडे पाहिले, तेव्हा एकेकाला आपापल्या बुटांच्या नाड्या सैल झाल्याचे आठवले. मास्तर घरी विसरलेला त्यांचा गुडघ्याचा पट्टा देण्याच्या निमित्ताने बाई आल्या होत्या. त्यांनी पिशवी खुर्चीवर ठेवली आणि नायकाच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.

हातात आता लाकडी पट्टी नव्हती. मास्तरांनी तलवार उचलली आणि पुन्हा खाली घेतली.

"अहो," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "कपाट मागेच आहे असं समजा."

तलवार सणकन गेली. कपाळावरची सुटी बट तेवढी हलली. बाईंची पापणीही लवली नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहणारे दिग्दर्शक मात्र खुर्चीसकट मागे सरकले. नायक उठला आणि म्हणाला, "वहिनी, सरका."

त्यानंतर मास्तरांनी कितीतरी चित्रपटांच्या लढाया बसवल्या. शिकायला येणाऱ्याला ते आजही पहिल्या दिवशी घरचे माणूस आणायला लावतात आणि पहिला चुकवायचा वार त्याच्यावरच करून घेतात. शेजारी गुंड्या लावत बसलेल्या बाई मान वर न करता बजावतात, "अजून जवळ."

मध्यंतरी एका पोराने विचारले, "मास्तर, घरचं कुणी इथे नाही. घरमालक चालेल?"

"त्याच्यावर हात आवरेल याची खात्री आहे तुला?"

पोरगा विचारात पडला. तेव्हा बाईंनी सुई कापडात खोवली आणि त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.