शिंजिराची उघडी चोच

बोर्निओच्या सहलीसाठी पक्ष्यांची यादी करत बसलो होतो. खिडकीबाहेर जास्वंदीवर शिंजीर आला. इवलीशी चोच उघडत होती, मिटत होती, गळा थरथरत होता. आवाज मात्र नव्हता. खिडकी लावलेली असेल म्हणून उठलो, तर ती सताड उघडी.

चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, "किती ओरडतोय हो हा सकाळपासून."

तिचा शब्द न् शब्द मला ऐकू आला, त्याचा बारीक आवाज तेवढा नाही. दाट रानात पक्षी आधी कानाला सापडतो, मग डोळ्याला. एवढ्या लांब जाऊन मी मुक्या झाडांखाली उभा राहणार? आणि असे किती आवाज मला न सांगताच निघून गेले असतील?

मी फोनवर तिकडच्या एका पक्ष्याची शीळ लावली, आणि ती वाजतेय का, हे बायकोच्या चेहऱ्यावर शोधत राहिलो.