टिपणं मराठीत होती

शिवाजी पेठेत माझं डीटीपीचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, तालमींची हँडबिलं, फुटबॉलच्या सामन्यांची पोस्टरं, सगळं मीच टाइप करायची. नव्वदच्या दशकात प्रत्येक मराठी फॉन्टचा संसार वेगळा. आमच्याकडची पत्रिका दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली, की नवरीच्या नावाच्या जागी कंस आणि डॉलर. गिऱ्हाईक माझ्यावर खेकसायचं आणि मी घरी जाऊन यांच्यावर.

हे कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचे. माझी कटकट ऐकून की काय, यांनी मराठी टाइप करायचा स्वतःचा प्रोग्राम लिहायला घेतला आणि झाल्यावर मागेल त्याला त्याच्या फ्लॉप्या वाटत सुटले. तो कसा लिहिलाय तेही सगळं उघडं ठेवलं. ज्याला जमेल त्याने दुरुस्त करावं, पुढच्याला द्यावं. "विकायचा की," असं मी म्हटलं, तर म्हणाले, "तालमीत वस्ताद डाव शिकवतो, त्याची फी घेतो व्हय? शिकलेला गडी पुढच्याला शिकवतो. झालं की." अर्धं आयुष्य लाल मातीत लोळलेल्या माणसाशी कोण वाद घालणार!

प्रोग्राम लिहिताना कुठली ओळ काय करते, याची टिपणं मधेमधे लिहायची पद्धत असते. सगळे ती इंग्रजीत लिहितात. यांनी ती मराठीत लिहिली, तीही आमच्या बोलण्यातल्या मराठीत. हे सांगायचे, मी टाइप करायची. 'हितं हात लावू नका, वेलांटी निसटती.' असली टिपणं! संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही हेच करत बसायचो. खरं सांगते, माझ्या संसारातले सगळ्यात सुखाचे दिवस तेच.

इंटरनेट आल्यावर बाहेरच्या, असेच प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांच्या मेल यायला लागल्या. काम फार चांगलं आहे, टिपणं इंग्रजीत करा, आपण मिळून पुढे नेऊ. यांनी साफ नकार दिला. "इंग्रजीतलं सगळीकडं हाय. हे शिरोळच्या पोरांना उघडून बघता आलं पायजे." मलाही ते पटलं होतं. बाहेरचे काही दिवस थांबले आणि मग त्यांनी आपलं आपण नव्याने लिहिलं.

आणि ज्यांच्यासाठी हा सगळा अट्टहास, ते? वापरायचे सगळे. अडलं की फोन. "दादा, चालंना झालंय, येऊन जावा की!" हे स्कूटरला किक मारून जायचे. आत काय लिहिलंय ते एकानेही उघडून बघितलं नाही. यांना फक्त एवढंच हवं होतं, की कुणीतरी म्हणावं, मी हे दुरुस्त केलं, घ्या. रोज कामावर जायच्या आधी दुकानात येऊन मेल बघायचे. पुढे नव्या कॉम्प्युटरमध्ये मराठी आपोआप यायला लागली, त्यात यांचं काहीच नव्हतं. मग एक दिवस मेल बघणं बंद झालं.

त्यानंतर बऱ्याच काळाने, एका सुट्टीच्या दिवशी, शिरोळची एक मुलगी दुकानात आली. इंजिनिअरिंगला होती. कॉलेजातल्या जुन्या सीडीवर तिला यांचा प्रोग्राम सापडला होता आणि तिने सगळी टिपणं वाचली होती. वाचताना हसू यायचं म्हणाली. 'दुसऱ्या' लिहिलं की त्यातला र उडून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसायचा, ती खोड यांना कधीच काढता आली नव्हती. तिने काढली होती. सीडी पुढ्यात ठेवून म्हणाली, "सर, एकदा बघता काय? बरोबर हाय का?"

माझा आनंद गगनात मावेना. यांनी मात्र चहा सांगितला, परीक्षा कधी ते विचारलं, नोकरी कुठे बघणार ते विचारलं. "त्ये आता कोण वापरतंय, बाळ? अभ्यास कर," एवढं बोलून तिला वाटेला लावलं. सीडीला हातसुद्धा लावला नाही. ती गेल्यावर मात्र कॉम्प्युटरपाशी बसले, सीडी घातली आणि 'दुसऱ्या' टाइप केलं. पुन्हा पुन्हा केलं. डोळे भरून आले होते.

"बरोबर हाय," म्हणाले.

"अहो, मग तिला सांगायचं नाही का?" मी ओरडलेच.

"सांगिटलं असतं तर ती बी ह्यातच अडकली असती की."

मला तेव्हा राग आला आणि तो अजूनही येतो. अडकली असती तर अडकली असती. तुझीच वाट बघत होतो, एवढं तरी यांनी त्या पोरीला सांगायला हवं होतं.