दक्षिणेची खिडकी

"सायब, आनखी एक नकाशा आलाय. तुमच्याकडं होत्या त्या ऋता मॅडमचा," शिवलिंगप्पा म्हणाले आणि माझ्या ड्रॉइंगवरच त्यांनी तिचं ड्रॉइंग पसरलं.

मी हसलो, पण आतून जळत होतो. ऋता माझ्या ऑफिसात ज्युनिअर होती. धाराशिवात मी कित्येक वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम करतोय, माझी एक भिंत कुणी छापली नाही. हिनं स्वतःचं ऑफिस टाकलं आणि लगेच हिनं डिझाइन केलेल्या फार्महाउसचे फोटो मासिकात. आता ही माझ्या क्लायंटपर्यंत पोचली होती. शेतातल्या या छोट्या घराचं, केबिनचं, काम मला मिळायलाच हवं होतं, कारण फोटो निघावेत असं काम आमच्याकडं रोज येत नाही.

शिवलिंगप्पा, म्हणजे अप्पा, मुरुम गावचे भुसार व्यापारी. दुकान मुलाकडं देऊन त्यांना शेतात राहायचं होतं. "खोली लहान असू द्या, पण आत बसलं तरी शेतात बसल्यागत वाटावं," एवढीच त्यांची मागणी. शेताच्या उत्तरेला साठवण तलाव आहे. मी त्या बाजूला अख्खी काचेची भिंत घेतली. पुढं कँटिलिव्हर डेक, म्हणजे खाली खांब नसलेला, पाण्याकडं झेपावणारा ओटा. दक्षिणेला बाथरूम आणि स्टोअर.

ऋतानं सगळं उलटं केलं होतं. तलावाकडं छोटा झरोका आणि मोठी खिडकी दक्षिणेला. तिची सिल, म्हणजे खालची कड, जेमतेम गुडघ्याएवढी. मला मुद्दा सापडला.

"अप्पा, दक्षिणेला एवढी खिडकी? भट्टी होईल."

"पडवी बघा की. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतोय, ऊन पडवीतच अडतंय म्हणल्या मॅडम."

हे तिला मीच शिकवलं होतं.

"पण तलाव? एवढा व्ह्यू वाया घालवायचा?"

"तळ्यात काय बघायचं? मोटार चालू हाय का बंद, एवढंच." मग त्यांनी माझ्या ड्रॉइंगवर बोट ठेवलं. "तुमी न्हाणी कुठं काढलीय, बघा."

मी बघितलं. न्हाणीमागं कडुलिंब होता आणि त्याखाली त्यांच्या पत्नीची समाधी. लिंगायतांत माणूस गेलं की पुरतात, पुष्कळदा आपल्याच शेतात. हे मला माहीत होतं. साइट प्लॅनवर तो चौकोन मीच काढला होता. पाहुण्यांना एकदम समोर दिसू नये म्हणून विचार करूनच आड भिंत घेतली होती.

"दुकान सोडून आलो ते तळ्यासाठी न्हाय सायब," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "आमची मंडळी हितं हाय."

 मी विचारलं, "तुम्ही सांगितलंत ऋताला?"

"न्हाय. तिनं इचारलं, दिवस मावळताना तुमी कुठं बसता म्हणून. मी जागा दावली. ती बी बसली थोडा वेळ."

एवढा साधा प्रश्न. तो मला सुचला नाही आणि तिला सुचला, याचा राग काम गेल्यापेक्षा जास्त आला.

केबिन ऋताच्याच नकाशाप्रमाणं बांधून झाली तेव्हा जेवणाचं आमंत्रण आलं. गेलो ते दोष शोधायलाच. भिंतीला भेग, पडवीला ओल, काहीतरी असेलच. सगळीकडं हात फिरवून पाहिला, काही मिळालं नाही. अप्पा बाजेवर बसून खिडकीतून बाहेर बघत होते. घर भरलं होतं, तरी त्यांची नजर कडुलिंबाखालीच होती. ऋता मला वाढायला आली. "सर, कशी वाटली?"

"पडवीचा उतार थोडा कमी वाटतो," मी म्हणालो. उतार बरोबर होता.

निघताना अप्पांनी माझा हात धरला. "सायब, मुरुमला गोदाम बांधायचंय. ते तुमीच करा."

केलं. गोदाम पक्कं झालं, एक थेंब गळत नाही. कोणत्या दिशेला तोंड करून बसणार, हे तिथं कुणाला विचारावं लागत नाही. तुरीची पोती आहेत.