ध चा घ

एस्तेरबाईंच्या दारावर पाटी होती, ‘सांत्वन करायला आलेल्यांनी बेल वाजवू नये.’ कर्वेनगरात त्यांच्याकडे स्वयंपाकाला म्हणून मी पहिल्या दिवशी गेले आणि पाटी वाचत दारातच थांबले. आतून आवाज आला, "वाचून झाली असेल तर आत ये. पाठ करायची नाहीये."

मला त्या आवडल्या नाहीत. आता त्या नाहीत म्हणून आवडायला लागल्या, असंही नाही.

बाईंनी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. पुढे डोळे गेले. मीही ख्रिस्ती आहे आणि चौथी शिकले आहे, हे कळल्यावर पोळ्या झाल्या की त्या मला समोर बसवायच्या आणि शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला लावायच्या. चुकले की हातातली लाकडी पट्टी टेबलावर आपटायच्या. मला चारचौघांत बोलायची भीती वाटते. या एका आंधळ्या बाईसमोरही घाम फुटायचा. "तोंड वर करून वाच, करुणा. पुस्तकाला ऐकू जातंय, मला नाही."

चर्चच्या मंडळीतलं कुणी म्हणालं, ‘देव तुमची परीक्षा घेतोय’, की त्या म्हणायच्या, "मी जन्मभर परीक्षा घेतल्या. आधी शिकवावं लागतं. काय शिकवतोय ते बघू द्या, मग या." त्यांची सकाळची प्रार्थनाही भांडण काढल्यासारखी असायची. "प्रभू, उठवलंस ना? आता उभी ठेव."

कामाला लागले त्याच वर्षी माझा नवरा काविळीने गेला. पर्वतीच्या पायथ्याशी आमच्या दोन खोल्या. एकीत मी, दुसरीत दीर आणि जाऊ. महिना झाला नाही तोच दिराने टाइप केलेला कागद आणला. "वहिनी, सही करून टाका. एकट्या बाईने राहणं बरं दिसत नाही. माहेर आहे की तुम्हाला." माहेरी आई नाही, वडील नाहीत. मंडळीतल्या बायका म्हणाल्या, "नम्र हो. प्रभू दुसरं दार उघडेल." मी सही करणारच होते. नाही म्हणण्यापेक्षा घर सोडणं मला सोपं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी वाचायला बसले. शास्त्रात होतं ‘धीर धर’. मी वाचलं, "धीर घर."

पट्टी आपटली. "या पुण्यात एकदा ध चा मा झाला, तर माणूस जिवानिशी गेला. तू ध चा घ कर!"

मला रडू फुटलं. मग कागदाचं सगळं सांगितलं. त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. माझा हात ओढला आणि तळव्यावर बोटाने अक्षर काढलं. "हा घ. डोक्यावर पूर्ण रेघ, घरावर छप्पर असतं तशी. आणि हा ध. याचं डोकं उघडं. ज्याचं डोकं उघडं पडतं, त्यालाच धीर लागतो. छपराखालच्यांचं काय जातंय नम्र हो म्हणायला! दुसरं दार उघडेल तेव्हा उघडेल, पहिल्याची कडी तू कशाला काढतेस? उद्या तो कागद आण."

दुसऱ्या दिवशी कागद नेला. बाईंसमोर बसून वाचायला लागले. "मी स्वखुशीने धर सोडत आहे..."

या वेळी पट्टी आपटली नाही. "चुकलीस, पण कामाचं चुकलीस. धर. सोडू नकोस." मग म्हणाल्या, "स्वखुशीने म्हणजे काय?"

"आपल्या खुशीने."

"आहे का खुशी?"

"नाही."

"मग सही केलीस तर ती खोटी साक्ष. दुसऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देणं पाप, हे माहीत आहे ना? स्वतःविरुद्ध दिली तर पुण्य होतं, असं कुणी सांगितलं तुला? भाजी करपली असेल, बघ."

घरी दीर पेन उघडून बसलेला. मी कागद परत दिला. "यात खोटं लिहिलंय. मला खुशी नाही." आवाज नीट निघाला नाही, पण निघाला. जाऊ म्हणाली, "येशूचं नाव घेता आणि घरासाठी भांडता!" मी म्हटलं, "हो." दिराने कागद फाडून माझ्या पायाशी टाकला. तुकडे मीच झाडून काढले. खोली माझी होती.

गेल्या हिवाळ्यात एस्तेरबाई झोपेतच गेल्या. दफनाच्या वेळी पाळकांनी सगळ्यांचं लांबलचक सांत्वन केलं. बाईंना उठून बसता आलं असतं, तर बसल्या असत्या. त्यांची भाची म्हणाली, "आठवण म्हणून काही हवं का? साडी, शाल?" मी पट्टी मागितली.

दीर अजून बोलत नाही. जाऊ माझ्या उंबऱ्याशी खरकटं पाणी ओतते. मीही तिच्याशी गोड वागत नाही. कामावरून आले की कडी लावते, शास्त्र उघडते आणि मोठ्याने वाचते. चुकले की पट्टी आपटते.

काल भिंतीपलीकडून दीर ओरडला, "काय चाललंय तिकडे?"

"वाचतेय," मी म्हटलं.