धाकू गावडेची ठासणीची बंदूक

धाकू गावडे भांडुपला टेकडीवरच्या चाळीत राहायचा आणि मुलुंडला एका कारखान्याच्या गेटवर सुटणाऱ्या कामगारांची झडती घ्यायचा. गिरणी संपात बुडाल्यावर मिळालेली ही नोकरी जणू त्याच्या मापानंच शिवलेली होती. संशय घ्यायचा पगार मिळतो हे आधी कळलं असतं, तर त्यानं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, इतकी वर्षं घालवलीच नसती. दूधवाल्याचं माप, वाण्याचा काटा, बायकोच्या माहेरची माणसं, कुणावर म्हणून त्याचा भरवसा नव्हता. एस्टीत बसला की पिशवीचा पट्टा पायाला गुंडाळून तो सगळा प्रवास टक्क जागा राहायचा. शेजारी त्याची बायको वनमाला खुशाल घोरत असायची.

त्याला स्वतःच्या नावाचासुद्धा संशय होता. त्याच्या आधी झालेला मुलगा पाळण्यातच गेला, म्हणून हा धाकू, म्हणजे धाकटा. पुढे पाठीवर धोंडू झाला आणि धाकू घरात थोरला ठरला, पण नाव तेच राहिलं. या नावामुळे आपला थोरलेपणा कुणीतरी एक दिवस लाटणार, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

थोरलेपणात लाटण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे शिमग्याचा बार. कणकवलीकडच्या त्यांच्या गावात शिमग्याला पालखी देवळातून उठली की पहिला बार गावड्यांच्या घरचा. तोही ठासणीच्या बंदुकीचा. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा सारायचा, लोखंडी गजानं ठासायचा, मागच्या चोचीवर टिकलीएवढी तांब्याची केप बसवायची आणि चाप ओढायचा. हा मान घरातल्या थोरल्याचा. वडील गेल्यावर तो धाकूकडे आला. बंदुकीच्या परवान्यावर दोघा भावांची नावं होती, बंदूक मात्र शेती राखायला गावी धोंडूकडे असायची.

संपाच्या पहिल्या शिमग्याला धाकूनं "येतो" म्हणून निरोप पाठवला आणि गेला नाही. रिकाम्या खिशानं गावात कसलं तोंड दाखवायचं? पुढे नोकरी लागली तरी तो गेला नाही. इतक्या दिवसांनी गेलं की लोक काय काय विचारतील, याचाही त्याला संशय होताच.

पंच्याऐंशी सालच्या माघात गावाहून आलेला एक जण धोंडूचा निरोप घेऊन चाळीत आला. बंदूक वाजत नाही. मुंबईत स्वस्तात एखादी चांगली ठासणीची मिळते का बघ. देवाचा बार तीन वर्षं झालेला नाही, आणि यंदाही झाला नाही तर मानकरी तो मान चुलत घरच्या दादूला देणार आहेत.

धाकूनं निरोप दोनदा वदवून घेतला. माणूस गेल्यावर तो वनमालाला म्हणाला, "धोंड्यान बंदूक विकल्यान."

"तुमी बघितलास?"

"बघूक कित्याक होया? वडिलांची बंदूक अशी कशी वाजणा नाय? विकून खाल्ल्यान, आणि आता माझ्याकडून नवी उकळता."

"सख्ख्या भावाबद्दल कायतरी चांगला बोला ओ," वनमाला म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली.

पण मान दादूकडे जाणं म्हणजे थोबाडीत खाण्यासारखंच होतं. धाकूला त्या विचारानं जेवण गोड लागेना. विकली असो नाहीतर पुरली असो, बंदूक बघायलाच हवी होती.

घाटकोपरला शिवदासशेठचं बंदुकांचं दुकान होतं. शिमग्याच्या आधीचे काही रविवार तो मागच्या गाळ्यात जुना माल मांडायचा. सतरंजीवर ओळीनं ठासणीच्या बंदुका, आणि त्यांच्याभोवती परवाने खिशात घालून उकिडवी बसलेली कोकणातली मंडळी. अंधेरीच्या बंगल्यांतले एकदोन हौशीही यायचे, दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगायला काही मिळतं का बघत. त्यांना नक्षी लागायची, कोकण्यांना आवाज.

धाकूनं गेटवरचा सगळा सराव तिथे कामाला लावला. एकीची नळी हुंगली आणि नाक मुरडलं. एकीचा दस्ता ताजं पॉलिश मारलेला दिसला, म्हणजे खाली भेग असणार. एक बंदूक फारच चांगली होती, म्हणून ती चोरीची ठरली. शेवटी तो नेहमीची परीक्षा घ्यायचा. बंदूक उभी धरून वरून गज आत सोडायचा. नळी रिकामी असली की गज तळाला आपटून ठण्ण वाजतो. वडिलांनी दोघा भावांना लहानपणीच शिकवलं होतं, कुणाचीही ठासणीची बंदूक हातात आली की आधी गज वाजवायचा.

"काका, बंदूक घेताय की सून बघताय?" शिवदासशेठ वैतागून म्हणाला. मग कोपऱ्यातली एक साधी, लांब नळीची बंदूक त्यानं पुढे केली. मालक म्हातारा झालाय, परवाना परत करतोय, म्हणून भाव एकदम उतरलेला. धाकूनं ती उलटीसुलटी केली. गज ठण्ण वाजला. खोड काही सापडेना, आणि त्यामुळे त्याला घामच फुटला.

"एवढी स्वस्त कशी?"

"ठासणीची कोण घेतो आजकाल? तुमी नाय घेतली तर भंगारात जाणार कुर्ल्याला. पण तुमच्या परवान्यावर बंदूक एकच आहे ना? मग जुनी आणून जमा करा, तरच ही देता येईल."

धाकूच्या डोळ्यांत चमक आली. शेठनं त्याला नकळत फास हातात दिला होता. येत्या रविवारी जुनी घाटकोपरच्या दुकानात आणून दे, म्हणजे नवी मिळेल, असं त्यानं धोंडूला कळवलं. विकली असेल तर आणणार कुठून? मग बघतोच, असं म्हणत तो आठवडाभर खुशीत होता.

पुढच्या रविवारी धोंडू थेट घाटकोपरच्या दुकानात हजर झाला. खांद्यावर गोणपाटात बांधलेली बंदूक होती.

"बंदूक हाडलंय," तो हळूच म्हणाला.

धाकूनं गोणपाट सोडलं. वडिलांचीच बंदूक, दस्त्यावरची पितळी फुली तीच. म्हणजे विकली नव्हती. पण संशय काही हरला नाही, त्यानं नुसती जागा बदलली. विकली नाही, तर वाजत का नाही? सवयीनं धाकूनं बंदूक उभी धरली आणि गज आत सोडला.

ठण्ण नाही. बद्द आवाज आला, आणि गज वीतभर बाहेरच राहिला.

"भरलेली!" तो ओरडला. उकिडवे बसलेले सगळे टुणकन उठून भिंतीला लागले. "मेल्या, भरलेली बंदूक घेवन येष्टीत बसलंस?"

"केप लावक नाय दादा. केपेशिवाय सुटाची नाय."

कपाळाला हात लावून शिवदासशेठनं मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्री टोकाला स्क्रू असलेला गज घेऊन आला. तो आत फिरवून बोळा बाहेर ओढायचा, म्हणजे नळी रिकामी. त्यानं गज नळीत घातला मात्र, धोंडू पुढे झेपावला आणि त्याचं मनगट धरलं.

"काडू नको!"

उभ्या जन्मात धोंडूनं कुणाचा हात धरला नव्हता. धाकूचे डोळे बारीक झाले. "काय लपवलंस रे आत?"

"आयेच्या लुगड्याचो बोळो असा," धोंडू म्हणाला. "देवाचो बार असा तो."

"कोणी ठासल्यान?"

"मीच. संपाच्या शिमग्याक तू येतंय म्हणालंस ना? म्हणान भरून ठेवलंय. पालखी उठली, तू येवक नाय."

"मगे तूच उडवचो हुतंस!"

"पयलो बार थोरल्याचो. माझो कसो?" धोंडू खाली बघत म्हणाला. "आणि देवाच्या नावान ठासलेलो उलटो कसो काडू? गाववाल्यांका सांगलंय, बंदूक वाजणा नाय. थोरलो येणा नाय, असा कसा सांगू?"

एवढी वर्षं गावात या माणसानं बंदुकीला नावं ठेवली होती, भावाला ठेवू दिली नव्हती. पण सवय ती सवय. त्याच्या तोंडून प्रश्न गेलाच, "मगे नवी बंदूक कित्याक होयी हुती तुका?"

"माका नको हुती." धोंडू पहिल्यांदाच थोडा हसला. "तू घेतलेली बंदूक तू दुसऱ्याच्या हातात देतलंस? माझ्याकडे तरी धाडतलंस? तू सोता घेवन येतलंस. म्हणान सांगलंय."

धाकू मटकन सतरंजीवर बसला. आयुष्यभर तो जगाची झडती घेत आला होता, आणि हा शेतात राबणारा भाऊ त्याला आरपार ओळखून होता. लाज वाटली, राग आला, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. त्यानं शेठची स्वस्त बंदूक परत ओळीत ठेवली. पुन्हा असा भाव मिळणार नाही, असं शेठ सांगत राहिला. धाकूनं मान हलवली. शेठनं मग बार आतच राहू दिला, चुकून सुटू नये म्हणून चोचीवर चामड्याची पट्टी आवळून बांधली, दोघा भावांना चार शिव्या घातल्या आणि बाहेर काढलं.

त्या शिमग्याला धाकू गावी गेला. पहिल्या केपेला बार सुटला नाही, आणि दादूच्या घरची माणसं तोंडावर हात ठेवून हसली. दुसऱ्या केपेला मात्र असा सुटला की देवळावरची कबुतरं उठली. जळक्या लुगड्याच्या चिंध्या अंगणात पडल्या होत्या, त्यातली एक धोंडूनं उचलून खिशात घातली.

गावात अजून त्या बाराचंच सांगतात. वनमालाला विचाराल तर ती बाराबद्दल बोलायची नाही. ती गावी जातानाच्या एस्टीतलं सांगते. सकाळची गाडी होती, तिघं एका बाकावर. पनवेल यायच्या आत तिच्या नवऱ्याची मान धोंडूच्या खांद्यावर पडली आणि तो घोरायला लागला. पिशवी पायाशी मोकळी पडलेली आणि बंदूक धोंडूच्या मांडीवर. वनमाला म्हणते, सगळ्या घाटात मी डोळा मिटला नाही, नुसती त्यांच्याकडे बघत बसले.