टेलरचं लाईव्ह

लाईव्ह बंद करायला गेलो आणि बोट नेमकं लाईकच्या बदामावर पडलं. निमगाव केतकीचा आमचा टेलर फोनमधून ओरडला, "आलं, तात्या आलं! बगा ताईंनो, इंदापूरची मानसं पन बघत्यात!" ताई एकही नव्हती. कोपऱ्यात पाहणाऱ्यांचा आकडा एक होता, आणि तो एक म्हणजे मी.

वीस वर्षं हा माणूस आमच्या घरचे ब्लाऊज शिवतोय. ओठांत टाचण्या धरून, मान खाली घालून, मोजकं बोलणारा. शिलाई कमी झाली तेव्हा त्यानं फोनवरून साड्या विकायला काढल्या. आता एक साडी स्वतःच्याच खांद्यावर टाकून तो रिकाम्या दुकानात "पटापट बुक करा" म्हणत होता. मी गेलो तर आकडा शून्य होणार, म्हणून मला बाहेर पडवेना. शेवटी जांभळी साडी मीच बुक केली.

आठवड्यानं ती आणायला गेलो, तर शिलाई मशीनच्या जागी साड्यांचे गठ्ठे.

"मशीन कुठंय?"

"इकलं, तात्या. त्यात हा माल भरला. तुमची आर्डर आली तवाच ठरवलं, आता लाईव्हच करायचं."

साडी मी दया येऊन घेतली होती, हे सांगायला तोंड उघडलं आणि "छान केलंत" म्हणून बसलो.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. साडी काही उलगडली नाही.

"अहो, पण यावरचा ब्लाऊज आता कुणाकडं शिवायचा?" ती म्हणाली.