राघूचं तोरण

पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास आला की मला शेजारच्या मैत्रिणीचं रुखवत आठवतं. मांडवात नवरीच्या हातची म्हणून मांडलेली सगळी कलाकुसर माझ्या हातची होती. तिला सुईत दोरा ओवायचाही कंटाळा, म्हणून गांधीबागेच्या बाजारातून रेशीम आणून आख्खा उन्हाळा मी खिडकीतल्या ओल्या खसच्या ताटीआड गारव्याला बसून तोरणावर राघू-मैना भरत होते. नवरदेवाच्या आईनं त्या तोरणावरून हळूच बोट फिरवलं. "कोनं केलं जी हे?" मैत्रिणीची आई घाईनं म्हणाली, "आमच्या पोरीनंच." विहीणबाई हरखल्या आणि माझ्याकडे वळल्या. "माह्या लहान्यासाठी बी अशीच पोरगी पाहून राहिली मी. तुले येते का वं असं?" मैत्रीण मुंडावळ्यांआडून माझ्याकडेच बघत होती. माझ्या मांडीवरच्या बटव्यावर तसाच राघू होता. त्याच्यावर पदर ओढून मी म्हणाले, "नाही जी, मले नाही येत." मैत्रीण तोरण घेऊन सासरी गेली. तसंच दुसरं मी माझ्यासाठी करून ठेवलं होतं, ते मांडायची वेळच आली नाही. दर उन्हाळ्यात मी त्याला ऊन दाखवते आणि त्याच जुन्या घडीवर पुन्हा घडी घालून ठेवते.